हंगामातील ताट : एका धान्य-व्यापाऱ्याचे मत

स्मरणिकेसाठी संपादक मंडळाचे पत्र आले की आपण व्यापारी मंडळी बहुधा वस्तू व सेवा कर, बाजार समितीचा सेस, गोदामांची टंचाई, डाळींच्या साठ्यावर वेळोवेळी येणाऱ्या मर्यादा अशा विषयांवर लेखणी उचलतो. प्रस्तुत लेखकानेही आजवर तेच केले. ह्या वर्षी मात्र दुकानाचा उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरातील एका प्रश्नावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. चूल हा पुरुषांचा विषय नव्हे असे म्हणून काही बंधू येथेच पान उलटतील. त्यांना माझी एवढीच विनंती की, ज्या घरात धान्य आणून टाकणे हा पुरुषांचा विषय आहे, त्या घरात त्या धान्याचे पुढे काय होते, हाही त्यांचाच विषय मानावा.

प्रथम हा विषय मनात का आला ते सांगितले पाहिजे. तुरीचा हंगाम होता. कलबुर्गी-विजापूरकडून नव्या तुरीच्या लॉऱ्या एकामागून एक येत होत्या आणि रविवार पेठेतील आमचे दुकान रात्री नऊपर्यंत उघडे राहात होते. घरी मुलगा, सून, नातवंडे आणि हंगामापुरते आलेले दोन नातलग असा परिवार. एके दिवशी मुलांच्या आग्रहावरून पनीरची भाजी, पुलाव, कोशिंबीर आणि खीर असा बेत झाला. आमच्या घरातील मंडळी चौविहार काटेकोर पाळणाऱ्या. थंडीच्या दिवसांत बेळगावात सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो, आणि नियम पाळणारे त्याच्याही दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे आधी ताटावरून उठतात. बेत संपेपर्यंत ती वेळ टळून गेली. सर्वांना वाढले, सर्व जेवले, मीही रात्री येऊन जेवलो. आणि जिने रांधले ती पाण्याचा थेंबही न घेता निजली. हे मला कळले दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तेही सुनेकडून. "असे किती वेळा झाले?" असे विचारता सून म्हणाली, "मामंजी, हंगामात आठवड्यातून दोनदा तरी होतेच."

चाळीस वर्षे मी दुसऱ्यांचे वजनकाटे तपासले. घरातील काटा कोणत्या बाजूला झुकला आहे हे मात्र पाहिले नाही. त्या दिवसापासून मी ह्या प्रश्नाचा विचार करू लागलो, आणि त्यातून माझे जे मत बनले ते येथे मांडतो. ते असे : धावपळीच्या दिवसांत आपल्या घरी साधा, अर्ध्या तासात होणारा आणि दुधावाचूनचा स्वयंपाक व्हावा. ह्यात साधेपणाचा आग्रह सर्वांना पटेल. दुधाचा त्याग अनेकांना खटकेल. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

घाईच्या दिवशी आपल्याकडे दोनच गोष्टी घडतात. एक तर वर सांगितल्याप्रमाणे घरातील स्त्रियांवर भार पडतो, किंवा दूरध्वनीवरून हॉटेलातील पदार्थ मागविले जातात. डब्यावर 'जैन' असे लिहिलेले असते, म्हणजे कांदा-लसूण घातलेली नसते. तेवढ्याने आपले समाधान होते. पण त्या डब्यात असते काय? पनीर, लोणी, साय आणि त्यांवर पुन्हा साय. कंदमुळे वगळली की जी चव उणी पडते ती भरून काढण्यासाठी स्वयंपाकी दुधाचा आधार घेतो. आपल्या आजीच्या स्वयंपाकात दूध-तूप चमच्याने मोजून पडे. आज ते पळीने पडते. अर्थात 'जैन जेवण' हे हळूहळू 'दुधाचे जेवण' बनले आहे. ह्याची नोंद आपण घेतलेली नाही.

आता दुधाच्या खात्याकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. सन २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंशाची संख्या सुमारे १९ कोटी २५ लक्ष भरली. त्यांपैकी माद्या १४ कोटी ५१ लक्ष. म्हणजे नर उरले पावणेपाच कोटींच्या आत-बाहेर. शंभर जनावरांत पंचाहत्तर गाई-कालवडी आणि पंचवीस बैल-गोऱ्हे. निसर्ग तर कालवडी आणि गोऱ्हे जवळजवळ सारखेच जन्माला घालतो. केवळ कालवडीच व्हाव्यात अशी वीर्यमात्रा अलीकडे निघाली आहे खरी, पण २०१९ पर्यंत तिचा प्रसार एवढा झालेला नव्हता की तिने हा फरक पडावा. मग आवक सारखी आणि शिल्लक तिपटीच्या फरकाची, असे खाते एखाद्या मुनिमाने आपल्यापुढे ठेवले तर आपण त्याला काय विचारू? 'मधला माल गेला कोठे?' हेच ना?

माझ्या लहानपणी आमच्या पेठेत धान्य बैलगाडीने येई. दुकानासमोर गाड्या सुटत, बैलांच्या गळ्यातील घंटा वाजत. तेव्हा गोऱ्हा जन्मला की शेतकरी आनंदे, कारण तो उद्याचा नांगर आणि परवाची गाडी होता. पुढे ट्रॅक्टर आला, टेंपो आला, आणि गोऱ्ह्याचे काम गेले. दूध देत नाही आणि नांगर ओढत नाही अशा जनावराला वैरण घालणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. ह्यात त्या शेतकऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. काही गोऱ्हे उपासमारीने जातात, काही रस्त्यावर सोडले जातात, काहींचे पुढे काय होते ते आपण जाणतो. आपले अनेक सभासद पांजरपोळांना सढळ हाताने देणग्या देतात, हे भूषणावह आहे. पण एका हाताने देणगी द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने त्याच पांजरपोळाची भरती वाढवावयाची, असा हा जमाखर्च आहे. दुधाची मागणी जितकी वाढेल तितक्या गाई फळवाव्या लागतील, आणि जितक्या फळतील तितके नको असलेले गोऱ्हे जन्माला येतील. ही साखळी दिसू लागल्यावर मला पूर्वीसारखी खीर गोड लागेना.

'हे तर पाश्चात्त्यांचे खूळ', असे एका स्नेह्यांनी मला सुनावले. 'वीगन' हा शब्द पाश्चात्त्य आहे हे खरे. इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध-अंडीही न घेणाऱ्या शाकाहारी लोकांची संस्था काढली, तेव्हा तो रूढ झाला. परंतु गोष्ट आपल्याला नवी आहे काय? रसपरित्याग हे आपल्या सहा बाह्य तपांपैकी एक आहे. दिगंबर परंपरेत दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ ह्या रसांचा यथाशक्ती त्याग सांगितला आहे. श्वेतांबर बंधुभगिनी चैत्रात आणि आश्विनात नऊ-नऊ दिवसांची आयंबिलाची ओळी करतात. तीत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर ह्यांपैकी काहीही न घेता एकवेळ नुसते धान्य-कडधान्य शिजवून खातात. म्हणजे दुधावाचून स्वयंपाक कसा करावा हे शिकण्यासाठी आपल्याला सातासमुद्रापलीकडे जावयास नको. ज्या घरात ओळी होते त्या घरातील आजीबाईंना विचारले तरी पुरे. शास्त्राने दूध निषिद्ध ठरविले आहे असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे असत्य ठरेल. मंदिरातील अभिषेकाविषयी बोलण्याचाही माझा अधिकार नाही. तो विषय मुनिमहाराजांचा. मी बोलतो आहे ते केवळ घरच्या ताटापुरते.

आणखी एक लाभ सहज होतो. द्विदलाचा दोष टाळावा म्हणून कच्च्या दह्या-ताकाबरोबर डाळी-कडधान्य खाऊ नये, हा नियम आपण जाणतो. पण घाईत दहीवडे, बेसनाची कढी, खिचडीवर दही असे होऊन जाते. ताटात दहीच नसेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

आता प्रत्यक्ष स्वयंपाक. घाईच्या दिवसांसाठी वर्तमानपत्रांतून ज्या सूचना येतात, त्या आपल्या उपयोगाच्या नसतात. 'रविवारी करून ठेवा आणि आठवडाभर खा' असे त्या सांगतात. आपल्याला शिळे चालत नाही. 'मोड आणून ठेवा' म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळजण मोड वर्ज्य मानतात. 'बटाटा उकडून ठेवा' ही तर बोलावयाचीच सोय नाही. पिठालाही मर्यादा आहे. व्रती मंडळी पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि थंडीत सात दिवसांपलीकडचे पीठ वापरीत नाहीत. तेव्हा आपली पूर्वतयारी ही कोरड्या आणि अखंड धान्यातच असली पाहिजे : निवडलेली डाळ, भाजलेले तीळ, सुके खोबरे, भाजलेले शेंगदाणे, आमसुले, पोहे. हे सर्व डब्यात हाताशी असेल तर पुढील पदार्थ होण्यास अर्धा तासही लागत नाही. आमच्या घरी गेला हंगाम ह्यांवरच निभावला.

पहिली मुगाच्या डाळीची खिचडी. एक वाटी तांदूळ, एक वाटी डाळ, साडेचार वाट्या गाळलेले पाणी. तेलात जिरे, मिरे, लवंग, हिंग, हळद; सर्व एकत्र करून कुकरात वीस मिनिटे. वरून तुपाऐवजी कच्चे शेंगतेल आणि भाजलेल्या तिळाची चटणी. मुगाची डाळ आधी कोरडीच खमंग भाजून घेतली तर तुपाची आठवण होत नाही.

दुसरे कुळथाचे पिठले. चार चमचे पीठ दोन वाट्या पाण्यात कालवावे, मोहरी-हिंग-सुक्या मिरचीच्या फोडणीत ओतून ढवळीत राहावे, शिजल्यावर तीन-चार आमसुले टाकावी. दहा मिनिटांचे काम. गरम भाताबरोबर ह्याच्यासारखे दुसरे काही नाही, आणि मालदांडी ज्वारीची भाकरी असेल तर बोलावयासच नको.

तिसरी ज्वारीच्या पिठाची उकड. ती ताकात करण्याची पद्धत आहे. ताकाऐवजी चिंचेचा कोळ घालावा. चौथे दडपे पोहे. पातळ पोह्यांवर ओले खोबरे, लिंबू, शेंगदाणे आणि फोडणी, कांदा वगळून. चूल पेटते ती केवळ फोडणीपुरती. पाचवी तुरीच्या डाळीची आमटी शेवग्याच्या शेंगा घालून. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे चालत नाही तेव्हा नुसत्या खोबऱ्याची. जेवण जड झाले तर शेवटी नारळाच्या दुधाची सोलकढी, लसणावाचून. लहान मुलांना सकाळी नाचणीची पेज, गूळ आणि नारळाचे दूध घालून. आणि दुकानात ज्यांना साडेपाचला घरी जाणे शक्यच नाही त्यांच्यासाठी फुटाणे, चुरमुरे आणि शेंगदाण्यांचा डबा. त्याला तर चूलही नको.

धंद्यातील दोन-चार गोष्टीही सांगतो, कारण स्वयंपाकाचा वेळ वाण्याच्या दुकानातच निम्मा ठरतो. डाळ जुनी असेल तर ती शिजावयास वेळ घेते. पाणी जड असेल तर आणखी वेळ घेते. चिंच किंवा आमसूल डाळ शिजण्यापूर्वी घातले तर ती दडसते. आंबट नेहमी मागाहून. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला जास्त. पावसाळ्यात महिन्याचा माल एकदम भरू नये. आठवड्यापुरता घ्यावा, म्हणजे किडीचा आणि हिंसेचाही प्रश्न राहात नाही. घाऊक व्यापाऱ्याने 'थोडे घ्या' असे सांगावे हे विचित्र वाटेल. पण ही स्मरणिका आहे, दुकानाची पाटी नव्हे. मी धान्याचा व्यापारी आहे म्हणून धान्याची भलावण करतो असा आक्षेप कोणी घेईल, तर तो मी नम्रपणे मान्य करतो. माल माझ्याच दुकानातून घ्यावा असा मात्र आग्रह नाही.

आता आक्षेपांचा विचार. सर्वांत मोठा आक्षेप मुलांच्या प्रकृतीचा. 'दुधावाचून हाडे कशी बळकट होणार?' असे माझ्या थोरल्या भगिनींनीच विचारले. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, गाईच्या तेवढ्याच दुधात सुमारे १२०. तिळात तर नाचणीहूनही पुष्कळ अधिक. त्यातील सर्वच अंगी लागतो असे नाही, परंतु धान्य अगदीच निर्धन नाही एवढे ह्यावरून दिसेल. मुगात, तुरीत, शेंगदाण्यात शंभरातील वीस ते पंचवीस भाग प्रथिने आहेत. आपल्या जिल्ह्यात मुबलक पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये चाळीसच्या घरात. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ब-१२ हे जीवनसत्त्व धान्यात-भाजीत मिळत नाही. जे दूध सर्वस्वी सोडतील त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते गोळीच्या रूपाने घेतलेच पाहिजे; लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध ह्यांच्या बाबतीत तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज काही करूच नये. त्यागात हट्ट नसावा, विवेक असावा.

दुसरा आक्षेप पाहुण्यांचा. 'व्याही आले आणि त्यांच्यापुढे पिठले ठेवले तर नाचक्की होईल.' मला वाटते, नाचक्की पिठल्याने होत नाही. यजमानीण उपाशी राहिली आणि पाहुण्यांना ते कळले तर होते. तिसरा आक्षेप आपल्यातील तुपाच्या व्यापाऱ्यांचा. त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांचे-माझे संबंध दोन पिढ्यांचे आहेत. आपण धंदे बदलत आलो आहोत. ज्यात अधिक हिंसा दिसली ते धंदे आपल्या पूर्वजांनी सोडले आणि तरीही त्यांची घरे उभी राहिली, एवढेच त्यांना सविनय सुचवितो.

माझ्या स्वतःच्या घरी सर्व काही साधले आहे असे भासविणार नाही. सकाळचा चहा मी अद्याप दुधाचाच घेतो. प्रयत्न चालू आहे. धाकटा नातू पनीरवाचून रुसतो. परंतु गेल्या हंगामात आठवड्यातील चार दिवस घरात दूध-तुपावाचून स्वयंपाक झाला, आणि त्या चारही दिवशी घरातील सर्व स्त्रिया सूर्यास्तापूर्वी जेवून उठल्या. खिचडी एक दिवस मुलाने लावली, एक दिवस मी. माझी थोडी खाली लागली. तरी ती सर्वांनी खाल्ली.

ह्यावरून आपल्या संघापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली अशी की, हंगामाच्या महिन्यांत सायंकाळी साडेपाचच्या आधीच अर्धा तास सर्व सभासदांनी मापाचे आणि सौद्याचे काम थांबवावे. सर्वांनी मिळून थांबविले तर कोणाचेच गिऱ्हाईक तुटणार नाही. दुसरी, संघाच्या वार्षिक संमेलनातील एक जेवण दुधावाचून असावे, म्हणजे ते कसे लागते हे सर्वांनाच कळेल. तिसरी, ज्यांना एकदम सोडणे कठीण वाटते त्यांनी महिन्यातील दोन अष्टम्या आणि दोन चतुर्दशी एवढ्याच धराव्यात. चार दिवस फार नव्हेत.

व्यापारात आपण म्हणतो की, खाते लहान असले तरी चालेल, ते खरे असावे. आपले ताटही तसेच असावे. त्यात पदार्थ दोनच असले तरी हरकत नाही. पण ते वाढताना कोणा मुक्या जिवाचे देणे मागे राहू नये, आणि ज्या हातांनी ते रांधले ते हात दिवस मावळण्यापूर्वी त्याच ताटाला लागावेत.

असो. लेखात काही अधिक-उणे झाले असल्यास वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. आणि पटले नाही तर भेटीअंती अवश्य वाद घालावा. त्या वेळी कुळथाचे पिठले मी स्वतः करून वाढीन. फक्त साडेपाचच्या आत यावे.